किल्ली कुठे ठेवलीय?

पत्र असं आहे :

'नमस्कार. सात वर्षं प्रोग्रामिंग करते आहे, बहुतेक काम सर्व्हरच्या बाजूचं. आमचं सॉफ्टवेअर रुग्णांच्या नोंदी सांभाळतं. यंदा कंपनी मला उपयोजित क्रिप्टोग्राफी आणि डेटा सुरक्षा या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवायला तयार आहे, पण एकाच. पर्याय दोन. एक पाच दिवसांचा सलग वर्ग, शेवटी बहुपर्यायी परीक्षा आणि नावाजलेलं प्रमाणपत्र. दुसरा बारा आठवड्यांचा, दर आठवड्याला एक व्याख्यान आणि कोड लिहून द्यायचा गृहपाठ. याच्या प्रमाणपत्राला फारसं कुणी ओळखत नाही. टीममधले एक ज्येष्ठ म्हणतात, दोन्ही सोड, सीआयएसएसपी (माहिती-सुरक्षेचं एक सर्वसाधारण प्रमाणपत्र) कर, बाजारात तेच चालतं. मला गणिताची भीती आहे, कॉलेजात जेमतेम पास झाले. त्यात क्वांटम संगणक आले की हे सगळं रद्दीत जाणार असंही वाचते. मग आत्ता शिकून उपयोग काय? अगदीच कोरी नाही मी. युजरचे पासवर्डसुद्धा आम्ही एईएस-२५६ या पद्धतीने एन्क्रिप्ट करून ठेवतो, ते काम मीच केलंय. काय करू? – द्विधा'

प्रिय द्विधा,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मी अडकलो ते तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवर. पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवलेत, हे तुम्ही जमेच्या बाजूला मांडलंय. प्रशिक्षण कुठलंही घ्या, त्याची फी भरायच्या आधी हे बदला.

खोट एईएसमध्ये नाही. व्हिन्सेंट रायमेन आणि योआन डामेन या बेल्जियमच्या जोडीची ती रचना खुल्या स्पर्धेतून निवडली गेली, २००१ साली मानक झाली, आणि नीट वापरली तर आजही ती प्रत्यक्षात फोडता येत नाही. अडचण साधी आहे. एन्क्रिप्ट केलेली गोष्ट पुन्हा उलगडता येते, आणि पासवर्ड उलगडायची गरज तुम्हालाही नसते. युजरने टाइप केलेला पासवर्ड बरोबर आहे का, एवढंच तुम्हाला तपासायचं असतं. त्यासाठी हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला पण मागे उलगडता न येणारा ठसा, पुरतो. उलगडता येईल असं ठेवलंत की उलगडणारी किल्ली कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती गेली की सगळेच्या सगळे पासवर्ड एका झटक्यात जातात. (मी 'की'ऐवजी किल्ली म्हणतोय. मराठीत एका 'की'मागून दुसरी 'की' आली की वाक्याचाच गुंता होतो.)

कधीकधी तर किल्लीचीही गरज पडत नाही. २०१३ साली ॲडोबीच्या युजरांची यादी चोरीला गेली. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, हॅश नव्हे, आणि तेही ट्रिपल डीईएस या जुन्या अल्गोरिदमच्या ईसीबी पद्धतीने, सगळ्यांसाठी एकच किल्ली वापरून. या पद्धतीत सारखा मजकूर दिला की सारखाच कचरा बाहेर पडतो. म्हणजे ज्यांचा पासवर्ड एकच, त्यांच्या ओळीही हुबेहूब सारख्या. शेजारीच लोकांनी स्वतः लिहिलेले 'विसरल्यास आठवण' साध्या अक्षरात. एका ओळीसमोर पन्नास जणांच्या पन्नास आठवणी वाचल्या की पासवर्ड ओळखणं म्हणजे शब्दकोडं सोडवणं. किल्ली हाती नसताना लोकांनी ते सोडवलंसुद्धा.

तुमच्याकडे ईसीबी नसेल अशी आशा करतो. तरीही आर्गॉन२आयडीसारख्या पासवर्डसाठीच बनवलेल्या हॅशवर या. तो मुद्दाम सावकाश चालतो, मुद्दाम मेमरी खातो, आणि प्रत्येक पासवर्डसोबत वेगळं सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक अक्षरांची भर, ठेवतो. तुमच्या चुकीतून एक सोयही निघते. पासवर्ड उलगडता येत असल्यामुळे सगळ्यांचे हॅश एका रात्रीत करता येतील, युजरला पत्ताही लागणार नाही. ज्यांनी आधीपासून कमकुवत हॅश वापरलेत त्यांना हे इतकं सरळ नसतं. मग जुना रकाना पुसा आणि शेवटी किल्ली नष्ट करा, म्हणजे जुन्या बॅकअपमधला तो रकानाही निरुपयोगी होईल. मात्र तीच किल्ली रुग्णांच्या नोंदींनाही लावली असेल तर थांबा! आधी नोंदी नव्या किल्लीवर घ्या. घाईत किल्ली पुसली तर चोरही हात हलवत जाईल आणि डॉक्टरही.

हे रागावून लिहीत नाहीये. मी स्वतः प्रमाणपत्र मिळवल्यावर काही महिन्यांतच एक सर्व्हिस लिहिली होती, एईएस-जीसीएम वापरून, म्हणजे मजकूर लपवणारी आणि तो बनावट नाही हेही तपासणारी पद्धत. या पद्धतीत प्रत्येक संदेशाला नॉन्स म्हणून एक आकडा द्यावा लागतो, आणि एकाच किल्लीसोबत तो आकडा पुन्हा कधीही यायला नको. मी मोजणी ठेवली, शून्यापासून, दर संदेशाला एक वाढवत. तिघांनी कोड तपासला, टेस्ट हिरव्या. वर्षभराने टीममध्ये नवीन आलेल्या एकाने विचारलं, 'सर्व्हर रिस्टार्ट झाला की हा आकडा कुठून सुरू होतो?' शून्यापासून. किल्ली तीच. म्हणजे दर रिस्टार्टला मी तेच नॉन्स पुन्हा वापरत होतो. जीसीएममध्ये असं झालं की दोन संदेशांमधला फरक उघडा पडतोच, शिवाय संदेश खरा की बनावट हे ठरवणारी आतली किल्लीही गणिताने काढता येते. म्हणजे कुणीही आमच्या नावाने संदेश बनवू शकला असता. माझ्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत नॉन्सची व्याख्या विचारली होती. मी बरोबर लिहिली होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे : बारा आठवड्यांचं घ्या.

या विद्येची खोड अशी की चूक झाली तरी कोड चालतो. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर बेरीज चुकते आणि कुणीतरी ओरडतं. इथे चुकीच्या एन्क्रिप्शनमधूनही अगम्य अक्षरं बाहेर येतात, बरोबर एन्क्रिप्शनमधूनही तशीच. दोन्ही नीट उलगडतात, टेस्टला फरक कळत नाही. डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचंच घ्या. २००६ साली ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीच्या त्यांच्या आवृत्तीतून, एका तपासणी साधनाच्या तक्रारी बंद व्हाव्यात म्हणून थोडा कोड काढला गेला. त्याबरोबर किल्ल्या बनवायला लागणारी यादृच्छिकताही गेली. उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या कोट्यवधी नव्हे तर जेमतेम ३२,७६८ बनू शकत होत्या, आणि तेवढ्या कुणीही बसून आधीच बनवून ठेवू शकतो. हे उघडकीला आलं मे २००८मध्ये. मधला सगळा काळ त्या किल्ल्या चालत होत्या, दिसायलाही ठणठणीत होत्या. आणि त्या कोडकडे पाहणारी माणसं काही नवशिकी नव्हती.

अशी चूक स्लाइडवर पाहून अंगात भिनत नाही. ती स्वतः करावी लागते, किंवा दुसऱ्याची फोडावी लागते. सर्ज व्होदने यांनी २००२ साली दाखवलेला पॅडिंग ऑरॅकल हल्ला हा चांगल्या अभ्यासक्रमातला ठरलेला गृहपाठ असतो. सर्व्हर इतकंच करतो की शेवटचं भरताड, म्हणजे पॅडिंग, चुकलं तर एक एरर देतो आणि बाकी काही चुकलं तर दुसरी. एवढ्या भोळेपणावर हल्लेखोर संदेशाचा एकेक बाइट, फार तर २५६ प्रयत्नांत, काढत जातो. किल्लीला हातही न लावता! पहिला बाइट पडद्यावर उमटतो तेव्हा पोटात जे होतं ते व्याख्यानात होत नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा हल्ला स्वतः लिहिलाय, ते पुढे एरर मेसेज लिहिताना जरा थबकतातच.

पण बारा आठवडे म्हटलं की झालं असंही नाही. पैसे भरण्याआधी त्यांचा आठवडावार आराखडा मागवा आणि पाहा की किल्ल्यांच्या व्यवस्थेला किती वेळ दिलाय. प्रत्यक्ष कामात अल्गोरिदम निवडायचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो. किल्ली कुणी बनवली, कुठे राहते, कोण वाचू शकतं, माणूस नोकरी सोडून गेला तर किल्लीचं काय, ती बदलायची कशी, बदलल्यावर जुन्या नोंदी कशा वाचायच्या, हे मात्र रोजचं. दाराला सात कुलपं आणि किल्ली पायपुसण्याखाली, म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये आणि ती फाइल कोडसोबतच रिपॉझिटरीत, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता ऑडिटला गेलो की पहिल्यांदा तिथेच बघतो. नोंदींची किल्ली वेगळी आणि त्या किल्लीला गुंडाळणारी मुख्य किल्ली वेगळी, मुख्य किल्ली एचएसएम (किल्ल्या सांभाळणारं खास यंत्र) किंवा केएमएसच्या (तेच काम करणारी सेवा) बाहेर कधी येत नाही, ही रचना हाताने उभी करायला लावणारा अभ्यासक्रम असेल तर डोळे मिटून जा. या विषयाला त्यांनी अर्धं व्याख्यान दिलं असेल तर मला शंका येईल. पहिले दोन आठवडे सीझरच्या सांकेतिक लिपीत आणि एनिग्मा यंत्रात जात असतील तरीही येईल. (हा इतिहास मला स्वतःला फार आवडतो, पण तो रविवारी वाचायचा.)

गृहपाठ कोण तपासतं तेही विचारा. नुसता आपोआप चालणारा टेस्ट तपासत असेल तर आपण पुन्हा तिथेच आलो, कारण चुकीचा कोड टेस्टमध्ये पास होतो हेच तर दुखणं आहे. वाचणारा माणूस हवा. आणि सगळे सराव एकाच कंपनीच्या क्लाउडच्या पडद्यांवर असतील तर ते बटणं दाबण्याचं प्रशिक्षण समजा.

प्रशिक्षणाच्या नावातल्या 'डेटा सुरक्षा' या अर्ध्या भागाबद्दल थोडक्यात. तो भाग बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात. तुमच्यासाठी त्यातले दोन विषय महत्त्वाचे : लॉग आणि बॅकअप. डेटाबेसमध्ये रुग्णाचं नाव एन्क्रिप्ट केलेलं आणि एरर लॉगमध्ये तेच नाव साध्या अक्षरात, असं तुमच्याकडे नसेलच असं मी पैजेवर सांगणार नाही.

आता गणित. भीती खरी असते, तिची चेष्टा करणार नाही. पण तुम्हाला नवे अल्गोरिदम रचायचे नाहीत, आहेत ते न मोडता वापरायचेत. त्याला लागणारं गणित पाहा. दोघांनी उघड्यावर बोलून गुपित ठरवायचं, ही १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली युक्ती. मोड्युलस, म्हणजे ज्याने भागायचं ती संख्या, १७ घेऊ, पाया ३. हे दोन्ही जगजाहीर. तुम्ही मनात ५ धरा, मी ७. तुम्ही ३चा पाचवा घात काढा : २४३, त्याला १७ने भागून बाकी ५ (मनातल्या ५शी जुळली हा योगायोग). ती मला पाठवा. मी ३चा सातवा घात काढतो : २१८७, बाकी ११. ती तुम्हाला पाठवतो. आता तुम्ही ११चा पाचवा घात करून १७ने भागा, मी ५चा सातवा घात करून भागतो. दोघांचीही बाकी १०. ऐकणाऱ्याने ५ आणि ११ ऐकले, पण १० कुणी उच्चारलाच नाही. खऱ्या व्यवहारात १७च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या असते, म्हणून ऐकणाऱ्याला उलटं जाता येत नाही. भागाकारातली बाकी तुम्हाला येत असेल तर अर्धा पल्ला इथेच संपला.

उरलेलं बरंचसं म्हणजे एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), घात आणि थोडी संभाव्यता. संभाव्यता मात्र टाळू नका. जीसीएमचं ९६ बिटांचं नॉन्स यादृच्छिक निवडत असाल तर एका किल्लीवर २चा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेशांच्या पुढे जायचं नाही, असं मानक सांगतं. ९६ बिट इतके प्रचंड असताना मर्यादा इतकी अलीकडे का, हे ज्याला कळलं त्याला या विषयातली संभाव्यता पुरेशी कळली. बीजगणित म्हणाल तर शाळेतलं. २०१० साली प्लेस्टेशन ३च्या डिजिटल सह्या, म्हणजे प्रोग्राम अधिकृत असल्याच्या खुणा, फुटल्या, कारण प्रत्येक सहीसाठी नवा यादृच्छिक आकडा घ्यायचा तिथे तोच तो आकडा वापरला जात होता. दोन सह्या, म्हणजे दोन समीकरणं आणि दोन अज्ञात. पुढचं तुम्हीही सोडवाल.

सीआयएसएसपीबद्दल तुमचे ज्येष्ठ बाजारापुरते चूक नाहीत. नोकरीच्या जाहिरातींत ते नाव दिसतंच. पण त्यात विषय आठ आहेत, जोखीम आणि धोरणापासून इमारतीच्या सुरक्षेपर्यंत. क्रिप्टोग्राफीला पूर्वी स्वतंत्र विभाग होता, २०१५च्या फेररचनेत तो सुरक्षा रचनेच्या विभागात विरून गेला. पूर्ण मान्यता मिळायला त्यातल्या किमान दोन विषयांतला पाच वर्षांचा अनुभवही लागतो, निव्वळ प्रोग्रामिंगची सात वर्षं दाखवून भागत नाही. पुढे टीम सांभाळायची असेल, ऑडिटकडे वळायचं असेल तर जरूर करा. तुमच्या आजच्या कामाला ते उपयोगी नाही.

क्वांटमची भीती मात्र अर्धी खरी आहे, आणि ती अर्धी तुमच्याच दारात आहे. पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर आरएसए, डिफी-हेलमन आणि लंबवर्तुळी वक्रांवरच्या, म्हणजे किल्ली ठरवायला आणि सह्यांना वापरल्या जाणाऱ्या पद्धती कोसळतील. एईएस-२५६ला तसा धक्का नाही. असा संगणक अजून बनलेला नाही. पण आज वाहत्या तारेवरून उचललेला मजकूर साठवून ठेवून तेव्हा उलगडता येईल. आजच्या खरेदीची पावती तेव्हा कुणी वाचली तर काय बिघडलं? रुग्णाचा आजार मात्र तीस वर्षांनीही गुपितच राहायला हवा. म्हणून एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये तीन नवी मानकं जाहीर केली. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, आणि सह्यांसाठी एमएल-डीएसए व एसएलएच-डीएसए. अभ्यासक्रमात या तिघांचा उल्लेखही नसेल तर तो जुना झालाय.

नवं म्हणजे भक्कम असंही समजू नका. त्याच निवडप्रक्रियेत बराच पुढपर्यंत टिकलेली साईक नावाची पद्धत २०२२ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका कोरवर सुमारे तासाभरात फोडली. तज्ज्ञांनी कित्येक वर्षं तपासलेली पद्धत होती ती. म्हणून सध्या जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती एकत्र बांधून वापरतात, म्हणजे एक पडली तरी दुसरी उभी राहते. आणि म्हणूनच कोड असा लिहायला शिकायचं की उद्या अल्गोरिदम बदलायचा झाला तर चाळीस फाइली उघडाव्या लागू नयेत. बाकी किल्ली कुठे ठेवायची, आकडे खरोखर यादृच्छिक आहेत का, एररमधून काय गळतं, ही दुखणी एमएल-केईएम आलं तरी जागच्या जागी राहणार. तुम्ही शिकाल त्यातलं जास्तीत जास्त हेच असेल, आणि ते रद्दीत जात नाही.

निर्णय घेण्याआधी एक शनिवार-रविवार काढा. क्रिप्टोपल्स नावाची फुकट उपलब्ध कोडी आहेत, आठ-आठच्या संचांत. पहिला संच घ्या. सहावं कोडं पुन्हापुन्हा वापरलेल्या किल्लीचं एक्सॉर फोडण्याचं आहे, तिथे बहुतेकांचं घोडं अडतं. तुम्ही वैतागलात पण खुर्चीतून उठला नाहीत, तर बारा आठवडे तुमचेच. अगदीच रस वाटला नाही, तर पाच दिवसांचा वर्ग घ्या. त्यातून किमान शब्द कळतील आणि कोणत्या गोष्टीला स्वतः हात लावायचा नाही हे कळेल. यात कमीपणा काही नाही. लायब्ररी चांगली निवडून, तिच्या आखून दिलेल्या वाटेनेच चालणारे प्रोग्रामर मला अर्धवट हुशारांपेक्षा जास्त आवडतात.

कंपनीकडे फीबरोबर वेळही मागा. असा गृहपाठ आठवड्याला सहा-आठ तास खातो. तो रात्री जागून करायचा ठरवलात तर पाचव्या आठवड्यात सुटेल, मी सुटताना पाहिलंय. आठवड्यातला अर्धा दिवस कामाच्या वेळेतला लेखी मंजूर करून घ्या. बदल्यात कंपनीला द्यायला चांगली गोष्ट तुमच्याकडे आहे : तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे कुठली किल्ली, कुठला अल्गोरिदम, बदलण्याची जबाबदारी कुणाची, याची यादी. नव्या मानकांवर जाताना ती कधीतरी करावी लागणारच आहे. कोर्स चालू असताना केलीत तर शिकणंही होईल आणि वरिष्ठांना पैसे वसूल झाल्यासारखंही वाटेल.

पण आधी तो पासवर्डांचा रकाना. आणि त्याच्याही आधी, याच आठवड्यात, शेवटच्या बॅकअपची एक प्रत तुमच्या नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर उघडा आणि तुमच्याजवळ फक्त तेवढंच आहे असं समजून पासवर्ड उलगडायचा प्रयत्न करा. किल्ली त्याच बॅकअपमध्ये सापडली, तर मला कळवत बसू नका. उठून वरिष्ठांच्या टेबलाशी जा.